विश्लेषण : हर्पिसची लागण कधी झाली, कोणाकडून झाली? तपासण्या नेमके काय सांगतात?

लग्नाला चार-पाच वर्षे झालेली, घरात सगळे सुरळीत आणि एके दिवशी पत्नीच्या किंवा पतीच्या जननेंद्रियावर दुखरे फोड उठतात. डॉक्टर तपासून ‘हर्पिस’ असे निदान करतात. औषधाची चिठ्ठी हातात पडण्याआधीच प्रश्न उभा राहतो, हे आले कुठून? पुढच्या आठवडाभरात इंटरनेटवर शोधाशोध होते, प्रयोगशाळेत रक्त दिले जाते, अहवालावर लाल अक्षरात ‘पॉझिटिव्ह’ येते आणि आजारापेक्षा संशयाचीच चर्चा जास्त होते. प्रत्यक्षात हर्पिसची लागण कधी झाली हे ठरवणे अनेकदा अशक्य असते. ज्या थोड्या वेळा ते शक्य असते, तेव्हाही योग्य तपासणी योग्य वेळी व्हावी लागते.

हा आजार किती जणांना आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८४ कोटी ६० लाख लोकांना जननेंद्रियाच्या हर्पिसचा संसर्ग होता. म्हणजे या वयातील पाचांपैकी एकाहून अधिक. दरवर्षी किमान ४ कोटी २० लाख नव्या लागणी होतात. पण त्या वर्षी ज्यांना फोड येण्यासारखा त्रास किमान एकदा झाला, त्यांची संख्या होती सुमारे २० कोटी ५० लाख. उरलेल्या बहुसंख्यांच्या शरीरात विषाणू आहे, त्रास मात्र नाही किंवा इतका किरकोळ आहे की त्याकडे लक्षच जात नाही. ‘कधी झाले?’ या प्रश्नाचे उत्तर अवघड होण्याचे मुख्य कारण या आकड्यांतच आहे.

हर्पिस म्हणजे नागीण का?

मराठी घरांत गोंधळाची सुरुवात नावापासूनच होते. आपल्याकडे ‘नागीण’ म्हणतात तो हर्पिस झोस्टर. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीरात दबून राहतो आणि उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखा उठतो, ती नागीण. तिचा लैंगिक संबंधांशी काही संबंध नाही. जननेंद्रियाचा हर्पिस हर्पिस सिम्प्लेक्स या वेगळ्या विषाणूमुळे होतो. दोन्ही विषाणू एकाच कुळातले आणि दोन्हींवर ॲसायक्लोव्हिर हेच औषध वेगवेगळ्या मात्रेत चालते, त्यामुळे औषधाच्या दुकानातही गल्लत होते. जाता जाता, ‘हर्पिस’ हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आला आहे आणि संस्कृतातील ‘सर्प’ त्याच मुळाचा. त्यामुळे नागीण हे नाव वाटते तितके दूरचे नाही.

हर्पिस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार आहेत. एचएसव्ही-१ प्रामुख्याने तोंडाचा. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला पुटकुळ्या उठतात, त्या याच्या. तो बहुतेकांना लहानपणीच, आई-वडील किंवा नातलगांनी घेतलेल्या पाप्यांतून मिळतो. जगात ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांमध्ये तो आहे. एचएसव्ही-२ जवळजवळ पूर्णपणे लैंगिक संबंधांतून पसरतो. मात्र मुखमैथुनातून एचएसव्ही-१ जननेंद्रियापर्यंत पोहोचू शकतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजातील सुमारे ३७ कोटी ६० लाख लोकांचा जननेंद्रियाचा संसर्ग एचएसव्ही-१चाच आहे. म्हणजे जोडीदाराला आयुष्यात फक्त ओठावर पुटकुळ्या आल्या असतील, दुसऱ्या कोणाशी कधीही संबंध आला नसेल, तरी त्याच्याकडून जननेंद्रियाचा हर्पिस होऊ शकतो. संशयाने पेटलेल्या घरात ही शक्यता सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

पहिला फोड म्हणजे नवी लागण, असे का समजू नये?

लागण झाल्यावर लक्षणे दिसायची असतील तर ती साधारण २ ते १२ दिवसांत दिसतात. हा आकडा इंटरनेटवर चटकन सापडतो आणि लोक बोटांवर दिवस मोजू लागतात. गेल्या बारा दिवसांत कोण कुठे होते, याचा हिशेब सुरू होतो. हिशेबातली चूक अशी की, ‘आयुष्यात पहिल्यांदा दिसलेले फोड’ आणि ‘पहिली लागण’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्वचेतून शिरलेला विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने कण्याच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या गाठींत जाऊन बसतो. तिथे तो आयुष्यभर राहतो. पहिल्या शिरकावाच्या वेळी काहींना जोरदार त्रास होतो. ताप, अंगदुखी, लघवीला आग, जांघेत अवधाण, दोन्ही बाजूंना पसरलेले फोड. औषध न घेतल्यास ते बरे व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. हे चित्र इतके ठळक असेल तर लागण नवी असण्याची शक्यता जास्त. पण अनेकांच्या बाबतीत पहिला शिरकाव गुपचूप होतो. लहानपणी एचएसव्ही-१ होऊन गेला असेल तर त्याच्या प्रतिपिंडांमुळे नंतर आलेल्या एचएसव्ही-२चा पहिला हल्ला सौम्य राहतो. एखादी चीर पडते, थोडी खाज सुटते, एक-दोन पुळ्या येऊन जातात. आपल्याकडे याला सरसकट ‘अंगात उष्णता झाली’ म्हणतात. सब्जा, गुलकंद घेतला जातो, चार-पाच दिवसांत पुळ्या आपोआप जातात आणि सब्जाने गुण आला असे वाटते. काही जण वस्तऱ्याने कापले, पॅड घासले, बुरशी झाली असे समजतात.

मग महिन्यांनी किंवा वर्षांनी तोच दबलेला विषाणू पुन्हा वर येतो आणि या वेळी फोड स्पष्ट दिसतात. आजारपण, ताण, मासिक पाळी अशी निमित्ते पुरतात. माणसासाठी ती पहिली वेळ असते, विषाणूसाठी नाही. अशी पुनरावृत्ती बहुधा एका बाजूला, मोजक्या फोडांची असते. आधी त्या जागी मुंग्या येतात किंवा ठणकते. फोडही लवकर सुकतात. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ या फरकावरून अंदाज बांधतात, पण अंदाजच. नुसत्या डोळ्यांनी पाहून कोणी ‘ही लागण गेल्या पंधरवड्यातली’ असे छातीठोकपणे सांगत असेल, तर ते म्हणणे वैद्यकीयदृष्ट्या टिकत नाही.

कोणत्या तपासणीने कालावधी कळू शकतो?

फोड ताजे असताना, शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत, त्यातील द्रवाचा नमुना घेऊन पीसीआर केल्यास विषाणू आहे का आणि कोणत्या प्रकारचा आहे, हे दोन्ही कळते. फोडांवर खपली धरली की ही संधी गेली. त्याच वेळी रक्तातील आयजीजी प्रतिपिंडे, तीही प्रकारनिहाय म्हणजे एचएसव्ही-१ आणि एचएसव्ही-२ची वेगवेगळी तपासली, तर दोन अहवाल शेजारी ठेवून काही सांगता येते.

नमुन्यात एचएसव्ही-२ सापडला आणि रक्तात त्याची प्रतिपिंडे नाहीत, असा निकाल आला तर लागण ताजी आहे. शरीराला प्रतिपिंडे तयार करायला वेळच मिळालेला नाही. ती दिसायला काही आठवडे लागतात, बहुतेकांत १२ आठवड्यांपर्यंत दिसू लागतात. तेव्हा पुन्हा केलेली चाचणी पॉझिटिव्ह आली की निष्कर्षावर शिक्कामोर्तब होते. उलट, फोड पहिल्यांदाच आले आहेत पण रक्तात त्याच प्रकारची प्रतिपिंडे आधीच हजर आहेत, तर लागण जुनी. किती जुनी? तीन महिने की तेरा वर्षे, हे चाचणी सांगत नाही. अहवालावरील आयजीजीचा आकडा मोठा म्हणजे लागण जुनी किंवा आजार जास्त, हा समजही चुकीचा आहे.

आयजीएम चाचणीने सर्वाधिक घोळ घातला आहे. इतर काही संसर्गांत आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे लागण नवी, असा ढोबळ नियम आहे. हर्पिसला तो लागू नाही. जुना विषाणू पुन्हा उफाळला तरी आयजीएम वाढू शकते आणि ही चाचणी दोन प्रकारांत खात्रीने फरकही करत नाही. अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र म्हणजे सीडीसी हर्पिसच्या निदानासाठी आयजीएमची शिफारस करत नाही. तरीही अहवालावर ती छापून येते आणि ‘म्हणजे हे आत्ताच झाले’ असा अर्थ घरात काढला जातो.

आयजीजीही अचूक असतेच असे नाही. एचएसव्ही-२च्या नेहमीच्या चाचणीत निर्देशांक ३ पेक्षा कमी असेल तर तो निकाल चुकीचा पॉझिटिव्ह असू शकतो, म्हणून दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी, असे सीडीसीचे मार्गदर्शन आहे. कसलीही लक्षणे नसलेल्या लोकांनी ही चाचणी करूच नये, अशी शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०१६ मध्ये केली आणि २०२३ मध्ये कायम ठेवली. ज्या समाजात एचएसव्ही-२चे प्रमाण १५-१६ टक्के आहे, तिथे सरसकट चाचण्या केल्यास पॉझिटिव्ह निकालांपैकी जवळपास निम्मे खोटे निघतील, असा त्यामागचा हिशेब होता.

‘टॉर्च’ चाचणीमुळे काय होते?

आपल्याकडे हर्पिसचा संशय घरात शिरतो तो अनेकदा फोडांमुळे नव्हे, तर गर्भपातानंतर किंवा गरोदरपणात केलेल्या ‘टॉर्च’ या चाचणीसंचामुळे. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस आणि हर्पिस यांची प्रतिपिंडे त्यात एकत्र तपासली जातात. अनेक प्रयोगशाळांच्या संचात हर्पिसची नोंद ‘एचएसव्ही १+२’ अशी एकत्रित असते. एचएसव्ही-१ इतका सार्वत्रिक आहे की, हा एकत्रित निकाल पॉझिटिव्ह येण्यात काहीच विशेष नाही. लहानपणी आजीने घेतलेला पापाही त्यासाठी पुरतो. पण अहवालावर ‘हर्पिस’ हा शब्द असतो, तो मोबाइलवर शोधला की पहिल्याच ओळीत ‘लैंगिक आजार’ दिसतो आणि मूल गमावलेल्या बाईला सासरी चारित्र्याचे प्रश्न विचारले जातात. एकत्रित आयजीजीच्या आधारे कोणाच्या लैंगिक इतिहासाबद्दल काहीही म्हणता येत नाही. अहवाल देताना डॉक्टरांनी एवढे एक वाक्य सांगितले तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते का?

जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांत राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाची ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत. तिथे लैंगिक आजारांवर लक्षणांनुसार उपचार करण्याची पद्धत आहे. दुखरे, पाणी भरलेले फोड दिसले की हर्पिस समजून लाल रंगाचे पाच क्रमांकाचे किट दिले जाते. त्यात ॲसायक्लोव्हिरच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या असतात, दिवसातून तीन वेळा, सात दिवस. प्रयोगशाळेची वाट न पाहता उपचार लगेच सुरू व्हावेत, रुग्ण रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर जाहिराती रंगवणाऱ्या ‘गुप्तरोगतज्ज्ञां’कडे जाऊ नये, यासाठी ही पद्धत योग्यच आहे. पण तीत विषाणूचा प्रकार नोंदला जात नाही. त्यामुळे पुढे कधी ‘कोणता आणि केव्हाचा’ हा प्रश्न आला तर हाती काही नसते. परवडत असेल आणि सोय असेल, तर पहिल्याच वेळी पीसीआरसाठी नमुना देणे म्हणूनच महत्त्वाचे. प्रकार कळला की पुढचा अंदाजही बांधता येतो. जननेंद्रियावर एचएसव्ही-२ असेल तर पहिल्या वर्षात साधारण चार वेळा फोड परत येतात, एचएसव्ही-१ असेल तर साधारण एकदा.

लागण नवीच निघाली, तर जोडीदाराने विश्वासघात केला का?

इथेच सर्वांत मोठी चूक होते. पत्नीची लागण ताजी आहे हे सिद्ध झाले, तरी पतीची ताजी आहे असे होत नाही. त्याला ती दहा वर्षांपूर्वी, लग्नाच्या कितीतरी आधी झालेली असू शकते आणि त्याचा त्यालाही पत्ता नसतो. पती-पत्नी यांची जागा बदलली तरी हेच लागू होते.

मग इतकी वर्षे एकत्र राहून आत्ताच कशी लागण झाली? अमेरिकेसह अनेक देशांत झालेला आणि २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याचे उत्तर देतो. एकाला एचएसव्ही-२ आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी १,४८४ जोडपी त्यात आठ महिने पाहिली गेली. ज्या गटात बाधित जोडीदाराला औषध दिले नव्हते, तिथे आठ महिन्यांत ७४१ पैकी २७ जणांना लागण झाली, म्हणजे ३.६ टक्के. थोडक्यात, लागण प्रत्येक संबंधात होत नाही. वर्षानुवर्षे न होता एका महिन्यात होऊ शकते.

शिवाय फोड दिसत नसतानाही विषाणू त्वचेवर येतो. २०११ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचएसव्ही-२ असलेल्या लोकांनी रोज स्वतःचे नमुने घेतले. ज्यांना फोडांचा इतिहास होता त्यांच्यात सुमारे २० टक्के दिवशी विषाणू सापडला. ज्यांना कधीच काही झाले नव्हते, त्यांच्यातही तो सुमारे १० टक्के दिवशी होता. ‘मला कधी काहीच झाले नाही’ हे वाक्य म्हणूनच खरे असू शकते आणि लागणही त्याच व्यक्तीकडून झालेली असू शकते.

याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. पत्नीला एचएसव्ही-२ची ताजी लागण असेल आणि पतीची प्रकारनिहाय चाचणी पुरेसा काळ जाऊनही खात्रीने निगेटिव्ह येत असेल, तर स्रोत तो नसावा, असा निष्कर्ष निघतो. दोघेही पॉझिटिव्ह असतील तर कोणाकडून कोणाला, हे नेहमीच्या कोणत्याही चाचणीने कळत नाही. शौचालयाचे भांडे, पोहण्याचा तलाव, टॉवेल ही कारणे अनेकदा पुढे केली जातात. शरीराबाहेर हा विषाणू फार टिकत नाही, त्यामुळे त्या वाटेने लागण झाल्याचे मानले जात नाही.

न्यायालयात या अहवालांना काय अर्थ?

हिंदू विवाह कायदा, १९५५च्या कलम १३ नुसार जोडीदाराला संसर्गजन्य स्वरूपाचा गुप्तरोग असणे हे घटस्फोटाचे कारण ठरते. कुष्ठरोग हे कारण २०१९च्या दुरुस्तीने वगळले गेले, गुप्तरोगाचे राहिले. व्यभिचार हा २०१८ पासून फौजदारी गुन्हा नाही, पण घटस्फोटाचे कारण आहेच. त्यामुळे हर्पिसचा अहवाल फाइलला जोडण्याचा मोह होतो. विषाणू शरीरात आहे इतके तो अहवाल दाखवू शकतो. तो लग्नाआधी आला की नंतर आणि कोणामार्फत, हे ठरवण्याची क्षमता त्यात नाही.

निदान झाल्यावर काय करावे?

पहिल्या हल्ल्यात गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितका त्रास कमी होतो. त्याच वेळी एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करून घ्यावी. एचएसव्ही-२ असलेल्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. फोड किंवा मुंग्या असताना संबंध टाळणे, एरवी कंडोम वापरणे, यामुळे धोका कमी होतो, शून्य होत नाही. वरील २००४च्या अभ्यासात बाधित जोडीदाराने रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर घेतल्यास दुसऱ्याला होणारी लागण जवळपास निम्म्यावर आली. जोडीदाराला सांगण्याचा परिणामही मोजला गेला आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांच्या जोडीदाराने आपल्याला हर्पिस असल्याचे आधी सांगितले होते त्यांना लागण व्हायला मध्यम कालावधी २७० दिवसांचा होता. ज्यांना सांगितले नव्हते, त्यांच्यात तो ६० दिवसांचा. माहिती आणि समुपदेशनासाठी १०९७ ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन विनामूल्य आहे.

लागण कधी झाली, हे कळणे केव्हा खरेच आवश्यक असते?

गरोदरपणात. आईला हर्पिस वर्षानुवर्षे असेल, तर तिची प्रतिपिंडे बाळापर्यंत पोहोचलेली असतात आणि बाळंतपणात बाळाला लागण होण्याचा धोका एक टक्क्याहून कमी असतो. तीच लागण शेवटच्या काही आठवड्यांत पहिल्यांदा झाली, तर हा धोका ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जातो. नवजात बाळातील हर्पिस मेंदू आणि यकृतापर्यंत पसरू शकतो, जीवघेणाही ठरतो. त्यामुळे पूर्वी कधी असे फोड आले असतील, किंवा पतीला ते येत असतील, तर प्रसूतितज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगणे आवश्यक आहे. ज्यांना वारंवार फोड येतात त्यांना ३६व्या आठवड्यापासून औषध सुरू केले जाते. कळा सुरू होताना फोड असतील तर सिझेरियन केले जाते. पतीला हर्पिस आहे आणि पत्नीला नाही, अशा जोडप्याने शेवटच्या तिमाहीत संबंध टाळावेत. पतीच्या ओठावर पुटकुळ्या येत असतील आणि पत्नीला एचएसव्ही-१ नसेल, तर त्या काळात मुखमैथुनही टाळावे. बाळ घरी आल्यावर ओठावर पुटकुळी असलेल्या कोणत्याही नातलगाने, मग ते आजी-आजोबा का असेनात, पुटकुळी पूर्ण बरी होईपर्यंत त्याचा पापा घेऊ नये.